मदत हवी आहे: व्हॅनचं दार उघडलं की पाणी थेट गादीवर

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. जुनी व्हॅन घरीच कॅम्परव्हॅन करून घेतलीये, मागे प्लायचा पलंग, छोटी शेगडी वगैरे. परवा आईबाबांना घेऊन मांडूला गेलो, पाऊस लागलेलाच होता आणि सरकतं दार उघडलं की टपावरचं पाणी पागोळ्यांसारखं सरळ गादीवर. दार बंद असताना थेंबही येत नाही, म्हणजे रबर ठीक आहे, वर पन्हळच नाहीये हा खरा घोळ. डिक्कीचं दार वर उचललं तर आणखी वाईट, कडेने ओघळून आत येतं, आईची शाल पार भिजली हो, तिला संधिवात आहे म्हणून फार लागलं मनाला.

विचार असा की दाराच्या वर रबराची नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी थोडा उतार देऊन डबल टेपने चिकटवायची म्हणजे पाणी पुढच्या बाजूला जाऊन पडेल. पण मे महिन्यात इथे हवाच 40 अंशांच्या वर जाते, पत्रा तर भाजतो, टेप टिकेल का? स्क्रू मारले तर भोकातून गंज धरेल. आणि सरकतं दार आधी बाहेर येऊन मग मागे जातं, तेव्हा पट्टीला घासणार नाही ना? डिक्कीला ताडपत्री बांधून बघितली, वाऱ्याने फडफडते नुसती.

कोणी केलं असेल तर फोटो टाका प्लीज, सियागंजात अशी पट्टी मिळेल का तेही सांगा, शनिवारी पाताळपाणीला निघायचंय.