मदत हवी आहे: शेतकरी आईवडिलांचा जर्मनीचा व्हिसा स्वतः भरतोय, उत्पन्न आणि नावं कशी दाखवू?

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण आणि मेहुणे स्टुटगार्टला असतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिची तारीख आहे. आईला बाळंतपणाला जायचंय, आणि ती एकटी विमानात बसणार नाही म्हणून सोबत नानाही. नाना ६८, आई ६२. पासपोर्ट कोरे आहेत, आमच्या घरातून फिरायला म्हणून परदेशात कुणीच गेलेलं नाही. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, ती नाना आणि मी बघतो.

आधी एका एजंटाकडे गेलो होतो. त्याने पासबुक चाळलं आणि म्हणाला, कुणाकडून तरी पाच लाख घ्या, तीन महिने खात्यावर ठेवा, बाकीचं मी बघतो. नाना तिथूनच उठले. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी ठरवलं की अर्ज आपणच भरायचा, आणि जे आहे तेच दाखवायचं. आता तीन आठवडे रोज रात्री कागद घेऊन बसतोय आणि खरंच थकलोय.

सगळ्यात मोठी अडचण उत्पन्नाची. व्हिसाच्या कागदांच्या यादीत पगाराच्या स्लिपा, कंपनीचं रजेचं पत्र, आयकर विवरणपत्र असं सगळं आहे. शेतीचं उत्पन्न आयकरातून माफ, त्यामुळे नानांनी विवरणपत्र कधी भरलंच नाही. आता भरायचं तर शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असल्यामुळे साधा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. पण आयुष्यात पहिल्यांदा, नेमकं व्हिसाच्या तोंडावर भरलेलं विवरणपत्र जोडलं तर उलट शंका येईल का?

बँकेचं स्टेटमेंट तर आम्ही सोडून कुणाला कळेल असं वाटत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी खात्यातून पैसा फक्त बाहेर जातो. फवारणीची औषधं, विरळणीची मजुरी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं. मार्चमध्ये व्यापाऱ्याचे दोनच आरटीजीएस, वर्षाची कमाई तेवढीच. त्यात मार्चअखेर गावच्या पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचं नवं-जुनं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: पीककर्ज ३१ मार्चच्या आत पूर्ण भरायचं आणि एप्रिलमध्ये पुन्हा उचलायचं. वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंत व्याज पडत नाही, म्हणून अख्खं गाव हेच करतं. पण लांबून बघणाऱ्याला काय दिसणार? आधी रिकामं खातं, मग एकदम मोठी रक्कम, ती गायब, आणि परत ३ लाख जमा. एजंट सांगत होता त्या उसन्या पैशांसारखंच दिसणार, आणि मला त्याचीच भीती वाटते.

बहीण-मेहुणे तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र काढून देणार आहेत, त्याची फी २९ युरो. मेहुण्यांचा पगार त्यात तपासला जातो, त्यामुळे तिथल्या खर्चाचा प्रश्न नाही. पण आई-नाना परत येणार, हे तर आम्हालाच पटवून द्यायचंय ना? खरं सांगायचं तर त्यांना परत आणणारी गोष्ट एकच आहे, द्राक्षवेलींची ऑक्टोबर छाटणी. नानांनी तिकिटाची तारीखही तीच धरून सांगितली, २५ सप्टेंबरच्या आत घरी. पुढे काडी कशी पिकली, कुठल्या डोळ्यावर कात्री लावायची, हे ते मजुरांवर सोडत नाहीत, माझ्यावरही नाही. हे अर्जात कुठल्या रकान्यात लिहू?

दुसरी अडचण आईच्या नावाची. पासपोर्टवर तिचं नाव, नानांचं नाव, आडनाव. सातबाऱ्यावर आणि पासबुकावर नावापुढे 'बाई'. फॉर्ममध्ये जन्मावेळचं आडनाव विचारलंय, ते मी लिहीन, पण तिच्या माहेरच्या आडनावाचा एकही कागद घरात नाही. लग्न १९८५ चं, नोंदणी नाही. ग्रामपंचायतीत आता विवाह नोंदणी करून घेऊ का, की बहिणीच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं आहेत तेवढ्यावर नातं सिद्ध होतं? बहिणीचं आडनाव लग्नानंतर बदललंय, पण त्या पानावरची नावं तीच आहेत.

अर्जासोबतच्या पत्रात बाळंतपणाचा उल्लेख करावा का? एक ओळखीचे म्हणाले, नुसतं 'कुटुंबाची भेट' लिहा. मला ते पटत नाही, आई बाळंतपणालाच चाललीय. विम्याबद्दलही सांगा. ३०,००० युरोंचं कव्हर आणि सगळे शेंगेन देश (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे), हे माहीत आहे. पण नानांना बीपीची गोळी आहे, आणि आधीपासूनचा आजार धरणारी पॉलिसी साठीनंतर कुणाला मिळाली का?

एवढं बारीक विचारतोय कारण चुकायला जागा नाही. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंत लागू शकतात. नकार आला तर पूर्वी फेरविचाराची विनंती करता यायची, ती सोय जर्मनीने १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता एक तर नवा अर्ज, पुन्हा माणशी ९० युरो, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. तोपर्यंत बाळ रांगायला लागेल.

भर (चार दिवसांनी): सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्या सांगण्यावरून स्टेटमेंटमधल्या मोठ्या नोंदींना नंबर दिले आणि वेगळ्या पानावर प्रत्येकीचा खुलासा लिहिला. आरटीजीएसला व्यापाऱ्याच्या सौदा पावत्या जोडल्या, कर्जाच्या नोंदींना सोसायटीचा दाखला. पत्रात बाळंतपण आणि छाटणी दोन्ही लिहिलंय, महिन्यांसकट. विवाह नोंदणीसाठी उद्या ग्रामसेवकांना भेटतोय, साक्षीदार म्हणून मामा यायला तयार आहेत. विवरणपत्राचं आता डोक्यातून काढून टाकलं.

एकच राहिलं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत काढला, पण तो मराठीत. इंग्रजी भाषांतर मी स्वतः करून नोटरी केलं तर चालतं का, की भाषांतरकाराचा शिक्काच लागतो? नाशिकमध्ये कुणी करून घेतलं असेल तर किती दिवस लागले तेही सांगा. अपॉइंटमेंट पुढच्या मंगळवारची आहे.