तन्यता-चाचणीचा आलेख शेवटी खाली का वळतो?

प्रश्न
मृदू पोलादाची सळई यंत्रात धरून ताणली की प्रतिबल (दर एकक क्षेत्रफळावरचे बल) आणि विकृती (मूळ लांबीच्या प्रमाणात झालेली वाढ) यांचा आलेख कमाल मूल्य गाठतो आणि सळई तुटण्याआधी खाली उतरतो. पदार्थ तुटण्याच्या बेतात असताना त्यातील प्रतिबल कमी कसे होईल? या टप्प्यावर पोलाद मऊ पडते असे समजावे का?

प्रतिसाद १
पोलाद मऊ पडत नाही. खरी गोम उभ्या अक्षात आहे. तेथे मोजलेल्या बलाला सळईच्या मूळ छेदाच्या क्षेत्रफळाने भागलेले असते. कमाल बिंदूनंतर सळई एकाच जागी बारीक होऊ लागते, म्हणजे नेकिंग सुरू होते, आणि तेथील त्या क्षणीच्या क्षेत्रफळाने भागले तर खरे प्रतिबल वाढतच असल्याचे दिसते.

प्रतिसाद २
नेकिंग नेमके कमाल बिंदूपाशीच का सुरू होते, हेही पाहायला हवे. यील्डनंतर, म्हणजे सळई कायमची ताणली जाऊ लागल्यावर, स्फटिकांतील डिसलोकेशन (अणूंच्या रचनेतले रेषेसारखे दोष) वाढतात आणि एकमेकांची वाट अडवतात, त्यामुळे धातू कठीण होत जातो. दुसरीकडे लांबी वाढेल तसा छेद आक्रसतो. जोवर कठीण होण्याचा वेग छेदाच्या घटीवर मात करतो, तोवर कोठे किंचित बारीक झालेला भाग लगेच अधिक बळकट होऊन उरलेल्या सळईला ताणायला लावतो. हा समतोल ढळला की पुढचे सारे ताणणे त्या एकाच भागात साचते. खऱ्या प्रतिबलाच्या वक्राचा उतार त्या प्रतिबलाइतकाच होतो तो हा बिंदू, असा निकष फ्रेंच अभियंते कॉन्सिडेर यांनी १८८५ मध्ये मांडला.

प्रश्नकर्ता
म्हणजे सळईला वजन टांगून ते वाढवत नेले, तरी आलेख असा खाली उतरलेला दिसेल का?

प्रतिसाद २
दिसणार नाही. यंत्र लांबी ठरावीक वेगाने वाढवते आणि त्यासाठी लागणारे बल केवळ नोंदवते, म्हणून ते घटलेले दिसू शकते. टांगलेले वजन आपणहून कमी होत नाही. कमाल बिंदू ओलांडताच सळई थेट तुटेल. काच किंवा करडे बीड यांच्या बाबतीत तर हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ते नेकिंगची वेळ येण्याआधीच भंगतात.