शेततळ्यातले मासे पहाटे वर येऊन हवा गिळतायत, दुपारी खाद्य घेत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सांगोल्याकडे आमचं प्लॅस्टिकचा कागद टाकलेलं शेततळं आहे, कटला, रोहू, मृगळ सोडलेत. हिवाळ्यात मस्त होते पण एप्रिल लागल्यापासून त्यांचं वागणंच बदललंय. आधी दुपारी पेंडीचं घमेलं काठावर दिसलं की कटला पाणी ढवळून काढायचे, आता एकही वर येत नाही, सगळे तळाला जाऊन बसतात. उलट पहाटे अंधारात बॅटरी मारली की पाण्यावर नुसती तोंडंच तोंडं, उघडझाप करत हवा घेतायत, त्यात मृगळ पण, जो एरवी तळ सोडत नाही. थर्मामीटर दोरीला बांधून सोडला तर दुपारी वर 35 डिग्री, तळाला 29.

वाचून एवढं कळलंय की पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, 20 डिग्रीला लिटरमागे साधारण 9 मिलीग्रॅम, 30 ला साडेसात, आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढते. शिवाय आमचं पाणी हिरवंगार, शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं आणि रात्री तेच ओढतं, म्हणून पहाट सगळ्यात वाईट. म्हणजे रोग नाही हो, दम लागतोय त्यांना! शेजारी म्हणतात औषध टाका, मला अजिबात पटत नाही. खाद्य मात्र निम्म्यावर आणलंय, न खाल्लेलं कुजून अजून ऑक्सिजन खातं.

खरी अडचण पुढेच आहे. डाळिंबाला ठिबकनं रोज पाणी जातंय, पातळी निम्म्यावर आली, म्हणजे खालचा गार थरच संपत चाललाय. बाग पण जगवायचीय आणि मासे पण. मे महिन्यात तुम्ही तळ्यात कमीत कमी किती फूट पाणी ठेवता? मोठे मासे आत्ताच काढून गर्दी कमी करावी का, की ह्या उन्हात जाळं ओढलं तर बाकीचे पण दगावतील?

सध्या थ्री-फेज लाईट रात्रीची आहे म्हणून पहाटे मोटर लावून तळ्याचंच पाणी उंचावरून परत तळ्यात पाडतोय, त्यानं मासे लवकर खाली जातात. पण दिवसाची पाळी आली की काय करू? सोलर बॅटरीवर एरिएटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) कोणी रात्रभर चालवलाय का?

आणि वळीव पडला की वरचं पाणी एकदम गार होऊन खाली बसतं, तळातलं घाण पाणी उसळून वर येतं, गावात एका रात्रीत मेलेल्या माशांनी अख्खं तळं पांढरं झालेलं बघितलंय. आभाळ भरून आलं की आधी काय करायचं, ज्यांनी हे निभावलंय त्यांनी प्लीज लवकर सांगा, इकडे संध्याकाळी ढग यायला लागलेत.