दारव्ह्याकडं दोन खोल्या: भाड्यानं राहावं की बांधावं?

प्रश्न: भाडं महिना दीड हजार. गावठाणात ४०० चौरस फुटांची जागा मिळते आहे, जमीन काळी. छोटं घर बांधावं का?

उत्तर १: भाऊ, आधी कागद पाहा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. विकणाऱ्याचं नोंदणीकृत खरेदीखत पाहिल्याशिवाय इसार (आगाऊ रक्कम) देऊ नका.

उत्तर २: पैसा पायव्यात जाईल, तिथं काटकसर नकोच. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ पाया हलतो आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंत तिरपी तडकते. मुरूम लागेपर्यंत खोदा. निघालेली माती परत भरू नका. मुरूम टाकून, पाणी मारून थराथरानं ठोका. जोत्यावर सलग आरसीसी पट्टा हवाच. भोवती तीन फूट रुंद, बाहेर उताराचा कोबा करा, न्हाणीचं पाणी पायाशी मुरू देऊ नका.

उत्तर ३: घरकुल (प्रधानमंत्री आवास योजना - ग्रामीण) यादीत नाव आहे का? १ लाख २० हजार मिळतात, पण हप्त्यांनी, काम पुढं सरकेल तसे. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट लागतं. थोडा स्वतःचा पैसा हाती ठेवा, नाहीतर काम जोत्यावरच अडतं. दोन-तीन वर्षांत गाव सोडायचं असेल तर भाडंच बरं. खेड्यात घराला गिऱ्हाईक लवकर मिळत नाही.