रक्तदानाला गेलो आणि परत पाठवले : आपले अनुभव लिहा

शाहू जयंतीला आमच्या तालमीत भरलेल्या शिबिरातून अकरा जण रक्त न देताच परतले आणि त्यांतील तिघे ‘पुन्हा येणार नाही’ असे म्हणाले, हे मनाला फार लागले. १८ ते ६५ वर्षांची, किमान ४५ किलो वजनाची, हिमोग्लोबिन निदान १२.५ असलेली निरोगी व्यक्ती रक्त देऊ शकते; पहिल्यांदाच देणाऱ्याचे वय मात्र ६० च्या आत लागते. परत पाठवलेल्यांपैकी बहुतेकांना ‘आत्ता नको’ एवढेच सांगितलेले असते. अशांनी आणि परत पाठवणाऱ्यांनीही येथे लिहावे.

मंगळवार पेठेतील शिक्षिका :
मला दोनदा परत पाठवले. पहिल्या वेळी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडला. तो थोडा खाली गेला, क्षणभर मध्येच अडकला आणि पुन्हा वर आला. थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसे, तरंगला तर कमी, असे तंत्रज्ञ बाईंनी समजावले. यंत्रावर आकडा ११.१ निघाला. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणानंतर लगेच चहा घेण्याची माझी वीस वर्षांची सवय मोडली, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. चार महिन्यांनी आकडा १२.८ आला, पण तो पाळीचा दुसरा दिवस होता आणि अर्जावर तसा प्रश्न होता. खोटे लिहावे असे क्षणभर वाटले, तरी खरे लिहिले आणि परत आले. पुढच्या महिन्यात रक्त दिले. आता १२० दिवसांनी पुन्हा जाईन. पुरुषांना ९० दिवस पुरतात.

उद्यमनगरातील फाउंड्री कामगार :
मधुमेह जडला म्हणजे रक्तदान संपले, असे मी सात वर्षे धरून चाललो होतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना देता येत नाही. पण गोळ्यांवर साखर आटोक्यात असेल, गेल्या चार आठवड्यांत गोळ्या बदललेल्या नसतील आणि इतर अवयवांना इजा नसेल तर चालते, हे कळल्यावर वाया गेलेल्या वर्षांचे वाईट वाटले.

महाविद्यालयीन विद्यार्थी :
मनगटावर टॅटू काढून चारच महिने झाले होते. एका शिबिरात संयोजकांनी ‘बाही खाली घे, कोण बघतंय’ असे सांगितले आणि मी ऐकले. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी रक्तपेढीला फोन करून सगळे सांगितले. त्यांनी माझी पिशवी बाजूला काढली आणि एका शब्दानेही रागावले नाहीत.

रक्तपेढीतील समुपदेशक :
वरील तरुणाने केले ते अगदी योग्य केले. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि हिवताप यांसाठी तपासणी होतेच. परंतु संसर्ग अगदी नवा असेल तर सुरुवातीचे काही दिवस तो तपासणीत सापडत नाही, आणि त्या काळात दात्याने दिलेले खरे उत्तर हाच रुग्णाचा आधार असतो. म्हणूनच टॅटूनंतर वर्षभर थांबवतात. थॅलेसेमियाच्या ज्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी कोणाचे तरी रक्त घ्यावेच लागते, ती डोळ्यांसमोर असली की मला नाही म्हणताना संकोच वाटत नाही. काविळीचेही नीट सांगावे : दूषित पाण्यातून होणाऱ्या ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारांनंतर वर्षभराने रक्त देता येते, ‘बी’ किंवा ‘सी’ असेल तर कधीच नाही.

राजारामपुरीतील गृहिणी :
बाळ अंगावर पीत आहे आणि बाळंतपणालाही वर्ष झालेले नाही, म्हणून मला थांबवले. सोबत आलेल्या सासूबाई माझ्याऐवजी खाटेवर झोपल्या. वय ५८, आयुष्यातील पहिलेच रक्तदान. उठल्यावर त्यांनी पिशवीला हात लावून पाहिला आणि ‘अजून ऊब आहे की गं हिला’ एवढेच म्हणाल्या.