किंगमन हॉल ऑफ फेममध्ये?

मंदार (एडिसन): मतमोजणी झाली. आपल्या कॉम्प्युटर बेसबॉल लीगच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, यंदा डेव्ह किंगमन. आठपैकी सहा मतं, बरोबर ७५ टक्के, आत यायला लागतात तेवढीच. लू व्हिटेकरला तीनच.

चिनू: किंगमन!! पाचशेच्या वर होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर मारलेले फटके, आहेत त्याचे. आलाच पाहिजे होता.

मृणालताई: मला हा निकाल पटलेला नाही. आत्ता मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी लिहिते.

सुरेशकाका: अगं, रीतसर मतदान झालं ना? मग हरकत कसली?

मीनामामी: हा खराखुरा खेळाडू आहे की कॉम्प्युटरमधला?

मंदार (एडिसन): मामी, दोन्ही. खेळाडू खरे, १९७१पासूनचे. त्यांच्या खऱ्या कामगिरीवरून कॉम्प्युटर त्यांचा दर्जा ठरवतो आणि मॅच खेळवतो. काही संघांचे मालक आपण, बाकीचे कॉम्प्युटर चालवतो. दुखापती, अदलाबदली, कोण किती वर्षं टिकतो, हे सगळं मात्र इथे वेगळं घडतं. खऱ्या किंगमनचे ४४२ होमरन आणि बॅटिंगची सरासरी बेताची, ०.२३६. १९९२मध्ये खऱ्या हॉल ऑफ फेमसाठी पत्रकारांच्या मतदानात त्याला फक्त ३ मतं पडली होती.

सुरेशकाका: ते तिकडे. आपल्याकडे तो जास्त वर्षं खेळला, जास्त मारले. आपल्या लीगचा निवाडा आपल्या आकड्यांवर व्हायला हवा.

मृणालताई: काका, आपलेच आकडे घेऊ. त्याचं पान उघडून बघा. सरासरी खऱ्यापेक्षाही कमी. फील्डिंगचा आकडा बहुतेक वर्षी उणे. शेवटच्या मोसमांत 'वॉर'चा रकाना, म्हणजे त्याच्यामुळे संघाने किती सामने जास्त जिंकले तो हिशोब, शून्याच्या खाली गेलाय. तरी चिनूने त्याला रोज खेळवला, पाचशे पूर्ण व्हावेत म्हणून. संघ तळाला गेला तरी.

पण माझा खरा आक्षेप मतदारांवर आहे. बाजूने पडलेली सहा मतं बघा. त्यातले तिघं, म्हणजे चिनू, काका आणि मंदार तू स्वतः, कधी ना कधी किंगमनचे मालक होता. तुम्ही तिघं बाजूला झालात तर उरलेल्या पाचांत त्याला तीन मतं, म्हणजे ६० टक्के. तो आत येत नाही.

कूपरस्टाउनमध्ये, म्हणजे खऱ्या हॉल ऑफ फेममध्ये, हेच झालंय. पत्रकारांनी न निवडलेल्या जुन्या खेळाडूंचा विचार करणाऱ्या समितीत फ्रँकी फ्रिश हा माजी खेळाडू आला, पुढे बिल टेरीही आला, आणि त्या काळात त्यांचे जायंट्स आणि कार्डिनल्स या संघांतले जुने सोबती एकामागून एक आत गेले. १९७०ला जेसी हेन्स, १९७१ला चिक हेफी आणि डेव्ह बँक्रॉफ्ट, १९७२ला रॉस यंग्ज, १९७३ला जॉर्ज केली. पत्रकारांनी केलीला कधी दोन टक्केसुद्धा मतं दिली नव्हती! आणि एकदा केली आत गेला की मग पुढच्या प्रत्येक फर्स्ट बेसमनसाठी, म्हणजे त्याच्याच जागेवर खेळणाऱ्यासाठी, 'केली आहे तर हा का नाही' सुरू होतं.

सुरेशकाका: थांब. यंग्जला त्यात ओढू नकोस. ०.३२२ची सरासरी होती त्याची, आणि तिशीत गेला बिचारा. फ्रिशने त्याला रोज जवळून खेळताना पाहिलं होतं. जवळून पाहणाऱ्याला जे कळतं ते आकड्यांत दिसत नाही.

मृणालताई: पटतं काका. मग जवळून पाहणाऱ्याने बोलावं, पोटतिडकीने बोलावं. मत मात्र बाकीच्यांनी द्यावं.

हॅरॉल्ड बेन्सचं बघा. २,८६६ हिट्स (यशस्वी फटके), ३८४ होमरन, उत्तम खेळाडू, माणूस म्हणूनही सगळ्यांना आवडणारा. पत्रकारांच्या मतदानात कधी ६.१ टक्क्यांच्या वर गेला नाही. डिसेंबर २०१८मध्ये १६ जणांच्या समितीने १२ मतांनी निवडला. त्या समितीत त्याचा जुना मॅनेजर टोनी ला रुसा होता, व्हाइट सॉक्सचे मालक जेरी रीन्सडॉर्फ होते, ओरिओल्समधला सहकारी रॉबर्टो अलोमार होता. निकाल लागताच सगळीकडे चर्चा झाली ती समितीत कोण होतं याची. बेन्सच्या वाट्याला कौतुकाआधी वाद आला. हा त्याच्यावरही अन्याय आहे.

चिनू: ताई, पण किंगमनला कुणी ना कुणी घेतलेलं असणारच. खरा किंगमन १९७७च्या एका मोसमात चार संघांकडून खेळलाय! आपल्याकडेही तसाच फिरला. सगळ्या जुन्या मालकांना बाद केलं तर मत द्यायला उरणार कोण?

मृणालताई: पाच जण उरतात की. आणि उलटी बाजू बघ. व्हिटेकर आपल्या लीगमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत डेट्रॉइटकडे. डेट्रॉइट कोण चालवतं? कॉम्प्युटर. त्याला मालकच नाही, मग ग्रुपवर त्याची बाजू कोण मांडणार? खऱ्यातही २००१मध्ये पहिल्याच वर्षी २.९ टक्क्यांवर यादीतून उडाला. २,३६९ हिट्स, २४४ होमरन, तेही सेकंड बेससारख्या फील्डिंगच्या अवघड जागेवर खेळून. वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी शॉर्टस्टॉपला उभा राहणारा ॲलन ट्रॅमेल २०१८मध्ये आत गेला. आपल्याला हे दुरुस्त करता आलं असतं. आपणही तेच केलं.

मीनामामी: मला खेळ कळत नाही, पण मृणालचं म्हणणं कळलं. आमच्या भिशीतही ज्याचा नंबर असतो तो चिठ्ठी उचलत नाही.

मंदार (एडिसन): कमिशनर म्हणून सांगतो. किंगमन राहील. कूपरस्टाउननेही एकदा आत घेतलेल्याला कधी बाहेर काढलेलं नाही, आणि जुन्या नियमाने झालेलं मतदान नव्या नियमाने मोडणं बरं नाही. पुढच्या वर्षीपासून ज्याच्याकडे खेळाडू एक पूर्ण मोसम होता, त्याने बोलायचं, मत द्यायचं नाही. व्हिटेकर यादीत राहील, आणि मालक नसलेल्या प्रत्येक खेळाडूची बाजू मांडायला आपल्यातला एक जण नेमू.

सुरेशकाका: हे बरोबर. व्हिटेकरची बाजू मी मांडतो. मी मत त्याच्या विरोधात दिलं होतं, पण डेट्रॉइटचं पान नीट उघडलं नव्हतं.

चिनू: किंगमन राहतोय ना? मग मला नियम चालेल.

मृणालताई: किंगमन मला अजूनही मान्य नाही. पण मंदार, नियम आजच ग्रुपच्या माहितीत लिहून टाक. नवी यादी आली की लगेच लोकांना आपापले खेळाडू आठवायला लागतात.