अँटी-फेडरलिस्टांचं गणित कुठे चुकलं?

प्रश्न: १७८७च्या अमेरिकी राज्यघटनेला विरोध करणारे, म्हणजेच अँटी-फेडरलिस्ट, संख्येने कमी नव्हते. मग अडलं कुठे?

प्रतिसाद १: नियमात. जुन्या कॉन्फेडरेशनच्या करारात, म्हणजे या घटनेआधी राज्यांना बांधणाऱ्या करारात, दुरुस्तीला तेराही राज्यांची संमती लागे. १७८२मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने ५ टक्के आयातकर अडला होता. नव्या घटनेच्या सातव्या कलमाने ९ राज्यं पुरेशी ठरवली. नकाराधिकारच गेला!

प्रतिसाद २: मॅसॅच्युसेट्सची तडजोडही धरा: घटनेला मंजुरी आधी, विरोधकांना हव्या असलेल्या दुरुस्त्यांची फक्त शिफारस. १८७ विरुद्ध १६८ मतांनी घटना मंजूर. व्हर्जिनियात विरोधकांचे नेते पॅट्रिक हेन्री ‘दुरुस्त्या आधी’ म्हणून अडून बसले, मंजुरीच्या अंतिम मतदानात ७९-८९ने हरले.

प्रतिसाद ३: पुढे १७९१मध्ये १० दुरुस्त्या मिळाल्या खऱ्या. पण केंद्राच्या थेट करांना लगाम घालायची विरोधकांची मोठी मागणी दुरुस्त्यांचा मसुदा मांडणाऱ्या, घटनेच्या समर्थक जेम्स मॅडिसनने यादीत घेतलीच नाही. हुशार माणूस!